मार्को पोलोची ठाण्याविषयीची साक्ष : चरित्र, कुटुंब व वारसा यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

यादवकालीन महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात मार्को पोलो या व्हेनिसच्या व्यापारी प्रवाशाचे नाव मुख्यतः ठाणे बंदराच्या संदर्भात येते. ठाण्याचा कातड्याचा व कापडाचा व्यापार, परदेशातून येणारे घोडे आणि तेथील राजाने चाच्यांशी केलेला करार हे तपशील त्याच्या ग्रंथातून घेतले जातात. पदवी वर्गांच्या अध्यापनात ते पुष्कळदा कोणत्याही टिप्पणीशिवाय विद्यार्थ्यांसमोर ठेवले जातात. परकीय प्रवाशाने प्रत्यक्ष पाहून लिहिले, म्हणून ते विश्वसनीय, अशी धारणा त्यामागे असते. याच्या उलट टोकाला, पोलो हा अतिशयोक्ती करणारा मनुष्य होता, तेव्हा त्याचे सर्वच कथन त्याज्य होय, असाही सूर अधूनमधून ऐकू येतो.

या दोन्ही भूमिका साधनचिकित्सेच्या दृष्टीने अपुऱ्या आहेत. पोलोच्या मृत्यूला २०२४ मध्ये सातशे वर्षे पूर्ण झाली. या दीर्घ काळात त्याच्या ग्रंथाबरोबरच त्याच्या कुटुंबाची मृत्युपत्रे, न्यायालयीन कागद आणि चिनी नोंदीही अभ्यासकांसमोर आल्या आहेत. दुसरीकडे यादव व काकतीय काळातील ताम्रपट आणि शिलालेख उपलब्ध आहेत. या दोन्ही प्रकारच्या साधनांच्या कसोटीवर पोलोची ठाण्याविषयीची साक्ष तपासणे, ती कोणत्या बाबतीत भरवशाची आहे व कोणत्या बाबतीत नाही हे ठरविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पोलो घराणे आणि पूर्वेकडील व्यापार

मार्को पोलोचा जन्म इ. स. १२५४ च्या सुमारास झाला. त्याचे वडील निकोलो आणि चुलते माफेओ हे व्हेनिसचे व्यापारी होते. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील सैन्याने कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यापासून त्या नगरात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना मोठ्या सवलती मिळाल्या होत्या. काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरील सोल्दाया या बंदरापर्यंत त्यांचे व्यवहार चालत. मार्कोचा आणखी एक चुलता, त्याचेही नाव मार्कोच, याच्या १२८० च्या मृत्युपत्रात सोल्दाया येथील घराचा उल्लेख आहे. यावरून पोलो घराण्याचा पूर्वेकडील वावर ही एका मनुष्याची धाडसी हौस नसून ती कौटुंबिक पेढीची रीत होती, हे स्पष्ट होते.

१२६० च्या सुमारास निकोलो व माफेओ जवाहीर घेऊन कॉन्स्टँटिनोपलहून सोल्दायाला आणि तेथून व्होल्गाकाठच्या मंगोल अधिपती बर्केखानाकडे गेले. त्याच वेळी बर्के आणि इराणचा मंगोल राजा हुलागू यांच्यात युद्ध पेटले. १२६१ मध्ये बायझंटाईन सत्तेने कॉन्स्टँटिनोपल परत मिळविले, त्यामुळे व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना तेथे परतणे धोक्याचे झाले. अशा स्थितीत हे दोघे बंधू पूर्वेकडे सरकत बुखाऱ्यास पोचले. तेथे ते तीन वर्षे राहिले आणि पुढे एका मंगोल वकिलाबरोबर कुब्लाईखानाच्या दरबारी गेले. खानाने पोपकडे शंभर विद्वान पाठविण्याची मागणी त्यांच्याकरवी केली. १२६९ मध्ये ते व्हेनिसला परतले, तेव्हा निकोलोची पत्नी निवर्तली होती आणि मुलगा मार्को पंधरा वर्षांचा झाला होता.

१२७१ मध्ये तिघेही पुन्हा निघाले. शंभर विद्वानांऐवजी पोपने दोनच धर्मोपदेशक दिले आणि तेही वाटेतून माघारी फिरले. १२७५ च्या सुमारास पोलो मंडळी शांगदू येथे कुब्लाईखानासमोर हजर झाली. यानंतरची सुमारे सतरा वर्षे मार्को खानाच्या सेवेत होता. त्याने नेमके कोणते पद भूषविले याविषयी मतभेद आहेत. तथापि साम्राज्यातील मीठ, कर, चलन आणि दळणवळण यांविषयीची त्याची माहिती कोणातरी कारभारी वर्तुळातून आलेली आहे, याबद्दल आज फारसा वाद उरलेला नाही.

परतीचा जलप्रवास आणि ग्रंथाची घडण

पोलोच्या चरित्रातील भारताशी संबंधित भाग त्याच्या परतीच्या प्रवासात येतो. इराणचा इल्खान अर्घून याच्यासाठी कोकोचिन नावाची राजकन्या घेऊन तीन मंगोल वकील समुद्रमार्गे निघाले. त्यांच्याबरोबर पोलो कुटुंबाला परतण्याची परवानगी मिळाली. चौदा जहाजांचा हा काफिला सुमात्रा, सिंहलद्वीप आणि भारताचा किनारा या मार्गाने होर्मुझकडे गेला. हा प्रवास १२९१ ते १२९४ या दरम्यानचा मानला जातो. राजकन्या पोचेपर्यंत अर्घून मरण पावला होता, म्हणून तिचा विवाह त्याचा पुत्र गझान याच्याशी झाला.

या प्रसंगाचा एक स्वतंत्र पुरावा आहे. १९४१ मध्ये यांग जिजिऊ या चिनी अभ्यासकाने पंधराव्या शतकातील एका प्रचंड चिनी ज्ञानकोशात उद्धृत केलेला १२९० चा सरकारी कागद प्रकाशात आणला. वकिलांच्या ताफ्याला द्यावयाच्या शिध्यासंबंधीचा हा कागद असून त्यात तीन वकिलांची नावे आहेत. ती पोलोने दिलेल्या नावांशी जुळतात. पोलोचे स्वतःचे नाव मात्र त्यात नाही. १९९५ मध्ये फ्रान्सिस वुड यांनी पोलो चीनपर्यंत गेलाच नव्हता, असा संशय मांडला. २०१३ मध्ये हान्स उलरिश फोगेल यांनी चलन व मिठाविषयीच्या त्याच्या तपशिलांची चिनी साधनांशी तुलना करून या संशयाला सविस्तर उत्तर दिले. वादाची ही दिशा मार्गदर्शक आहे. पोलोचा बचाव त्याच्या प्रामाणिकपणाच्या दाखल्यांवर झाला नाही. तो स्वतंत्र कागदांशी तपशील ताडून पाहण्यातून झाला.

पोलो मंडळी १२९५ मध्ये व्हेनिसला पोचली. त्यानंतर व्हेनिस व जेनोआ यांच्यातील युद्धात मार्को जेनोआच्या लोकांच्या हाती सापडला. १२९८ मध्ये जेनोआच्या बंदिवासात त्याची गाठ पिसा येथील रुस्तिकेल्लो या कथालेखकाशी पडली. राजे-सरदारांच्या अद्भुत कथा लिहिणाऱ्या या लेखकाने पोलोच्या कथनाला फ्रेंच-इटालियन मिश्र भाषेत ग्रंथरूप दिले. मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. निरनिराळ्या भाषांतील सुमारे दीडशे हस्तलिखिते आहेत आणि त्यांत पाठभेद पुष्कळ आहेत. म्हणजे ठाण्याविषयीचे जे वर्णन आपण वाचतो, ते बंदराच्या धक्क्यावर लिहिलेले नाही. काही वर्षांनंतर, तुरुंगात, दुसऱ्या मनुष्याच्या लेखणीतून ते उतरले आहे.

मृत्युपत्रे आणि मुली : ग्रंथाबाहेरचा पोलो

ग्रंथात मार्को आपल्या संसाराविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. ती माहिती व्हेनिसच्या दप्तरातून मिळते. सुटकेनंतर त्याने दोनाता बादोएर हिच्याशी विवाह केला. त्यांना फान्तिना, बेलेला आणि मोरेता या तीन मुली झाल्या. पुत्र नव्हता. उर्वरित आयुष्य त्याने व्यापारात घालविले. १३११ मध्ये त्याने पाओलो जिरार्दो नावाच्या अडत्यावर कस्तुरीच्या विक्रीच्या पैशासाठी दावा लावला. अर्ध्या पौंड कस्तुरीचा हिशेब न्यायालयापर्यंत नेणारा हा मनुष्य दरबारी वैभवाचे वर्णन करणाऱ्या ग्रंथातील निवेदकापेक्षा वेगळा भासतो. वस्तुतः दोघे एकच होत. वजन, भाव, जात आणि आवक यांवर नजर ठेवणारा व्यापारी हाच त्याचा स्थायीभाव होता.

९ जानेवारी १३२४ या तारखेचे त्याचे मृत्युपत्र व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात आहे. त्यात पत्नी व तिन्ही मुलींना व्यवस्थापक नेमले आहे. पिएत्रो नावाच्या तार्तार गुलामाला मुक्त करून त्याला पैसे देण्याची तरतूद केली आहे. या पिएत्रोला १३२८ मध्ये व्हेनिसचे नागरिक-हक्क मिळाले. पूर्वेकडून आलेला माल केवळ रेशीम आणि कस्तुरी एवढाच नव्हता, त्यात माणसेही होती, ही गोष्ट ग्रंथापेक्षा मृत्युपत्रातून अधिक स्पष्ट होते.

चुलता माफेओ याच्या १३१० च्या मृत्युपत्रात खानाकडून मिळालेल्या सोन्याच्या तीन आज्ञापट्टिकांचा उल्लेख आहे. १३६६ मध्ये थोरल्या फान्तिनाने पतीने बळकावलेल्या आपल्या वारशासाठी दावा जिंकला. त्या वेळी नोंदविलेल्या वस्तूंच्या यादीतही सोन्याची आज्ञापट्टिका आढळते. एका मुलीच्या मालमत्तेच्या भांडणाने पोलोच्या मंगोल दरबाराशी असलेल्या संबंधाचा हा भौतिक पुरावा जपला आहे.

या कुटुंबवृक्षात अलीकडे एका नावाची भर पडली. २०२२ मध्ये मार्चेल्लो बोलोन्यारी या अभ्यासकाने व्हेनिसच्या राज्य अभिलेखागारातून १३१९ चे एक मृत्युपत्र प्रसिद्धीस आणले. ते आन्येझे या मार्कोच्या मुलीचे असून तिचा जन्म त्याच्या दोनाताशी झालेल्या विवाहापूर्वीचा असावा, असे दिसते. सातशे वर्षे इतक्या बारकाईने अभ्यासलेल्या मनुष्याची एक मुलगी एकविसाव्या शतकात कळावी, यावरून अभिलेखांतील साध्या कागदांचे मोल लक्षात येते. प्रवासग्रंथ प्रसिद्धीला येतात, कागद मात्र दप्तरात पडून राहतात. पण ग्रंथातील उणीव भरून काढण्याचे व चूक दाखविण्याचे काम कागदच करतात. ठाण्याच्या बाबतीतही हीच पद्धत उपयोगी पडते.

ठाण्याचे वर्णन : तपशील आणि सूत्रे

पोलोच्या वर्णनाचा सारांश असा : ठाणे हे पश्चिमेकडील मोठे राज्य आहे. तेथील लोक मूर्तिपूजक असून त्यांची भाषा स्वतंत्र आहे. त्यांचा राजा स्वतःचा असून ते कोणालाही खंडणी देत नाहीत. तेथे मिरी किंवा अन्य मसाले पिकत नाहीत, परंतु धूप विपुल मिळतो. तो पांढरा नसून तपकिरी असतो. कमावलेले कातडे, उत्तम कापड आणि कापूस यांची मोठी निर्यात होते. व्यापारी सोने, चांदी व तांबे घेऊन येतात. या बंदरातून राजाच्या संमतीने चाचे निघतात आणि जहाजे लुटतात. लुटीतील घोडे राजाने घ्यावेत व बाकीचा माल चाच्यांनी ठेवावा, असा त्यांच्यात करार आहे. राजाजवळ घोडे नसल्यामुळे तो असे करतो. हे कृत्य राजाला शोभत नाही, असा शेराही पोलो मारतो.

या वर्णनाचे दोन भाग पाडता येतात. भाषा स्वतंत्र, राजा स्वतंत्र, खंडणी कोणालाच नाही, ही विधाने पोलोने गुजरातविषयीही जवळजवळ त्याच शब्दांत केली आहेत. खंबायत व सोमनाथ यांनाही तो स्वतंत्र राज्ये म्हणतो. परंतु त्या काळी ही दोन्ही स्थळे गुजरातच्या वाघेला राजांच्या अधिकारक्षेत्रात होती. यावरून पोलोच्या लेखी ‘राज्य’ म्हणजे बहुधा जहाज जेथे थांबते ते बंदर आणि त्याचा अधिकारी, एवढाच अर्थ होता, असे अनुमान निघते. शिवाय मलबारनंतर तो गुजरातचे, त्यानंतर ठाण्याचे आणि मग पुन्हा गुजरातेतील खंबायतचे वर्णन करतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या क्रमात हे बसत नाही. या किनाऱ्याची काही माहिती त्याने खलाशी व व्यापारी यांच्याकडून ऐकून घेतली असावी, हा तर्क त्यामुळे बळकट होतो.

धूप, कातडे, कापड आणि आयात होणारे धातू हे तपशील मात्र सूत्रबद्ध नाहीत. ते ठाण्याचे म्हणून वेगळे दिले आहेत. धुपाच्या रंगाचा भेद टिपणे हे बाजारात माल पारखणाऱ्याचे लक्षण आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील व उत्तरेकडील कोरड्या जंगलांत सालई वृक्ष आढळतो आणि त्याचा डिंक धूप म्हणून वापरला जातो. अरबस्तानातून आलेला धूपही या बंदरातून पुढे जात असू शकेल. यांपैकी कोणतेही स्पष्टीकरण घेतले तरी पोलोचे निरीक्षण निराधार ठरत नाही.

ताम्रपटांची साक्ष

ठाण्याच्या राजकीय स्थितीविषयी समकालीन पुरावा निराळे चित्र दाखवितो. उत्तर कोकणच्या शिलाहारांची सत्ता यादव राजा महादेव (कारकीर्द १२६१–१२७१) याने १२६५ च्या सुमारास संपुष्टात आणली. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रावर परागंदा होऊन बुडाला. हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील राजप्रशस्तीत या घटनेचे अलंकारिक वर्णन आले आहे. बोरिवलीजवळील एकसर येथील नौकायुद्धाचे वीरगळ काही अभ्यासक याच संघर्षाशी जोडतात, तथापि त्यांच्या कालनिश्चितीविषयी एकमत नाही.

महादेवानंतर १२७१ मध्ये रामचंद्रदेव सत्तेवर आला. पोलोने व्हेनिस सोडले तेच हे वर्ष. ठाणे येथे सापडलेल्या शके ११९४ (इ. स. १२७२) आणि शके १२१२ (इ. स. १२९०) च्या ताम्रपटांत रामचंद्रदेवाचे अधिकारी अनुक्रमे अच्युत नायक आणि कृष्णदेव यांचे उल्लेख आहेत. म्हणजे पोलोचा काफिला या समुद्रातून जाण्यापूर्वी दोन-तीन वर्षे कोकणचा कारभार देवगिरीच्या अधिकाऱ्याकडे होता. ठाण्याचा राजा कोणाचाही अंकित नव्हता, हे पोलोचे विधान या पुराव्यासमोर टिकत नाही.

ही विसंगती दोन प्रकारे समजावून घेता येते. परकीय व्यापाऱ्याने बंदरावरील प्रबळ अधिकाऱ्यालाच राजा समजले असावे. किंवा पोलोला मिळालेली माहिती जुनी, शिलाहारांच्या काळातली असावी. दुसऱ्या शक्यतेला पूर्व किनाऱ्यावरील एका उदाहरणाने आधार मिळतो.

मोटुपल्लीची तुलना

पोलो ज्याला ‘मुतफिली’ म्हणतो ते आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्ली बंदर होय. तेथे एक राणी पतीच्या निधनानंतर सुमारे चाळीस वर्षे न्यायाने राज्य करीत आहे, असे तो सांगतो. ही राणी म्हणजे काकतीय वंशातील रुद्रमादेवी, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता आहे. परंतु रुद्रमादेवी गणपतिदेवाची पत्नी नव्हती, कन्या होती. तिची कारकीर्द १२६२ च्या सुमारास सुरू झाली, म्हणजे चाळीस वर्षांचा आकडाही जुळत नाही. १२८९ च्या चंदुपटला येथील शिलालेखावरून तिचे निधन त्या सुमारास झाले असे मानले जाते. पोलो भारताच्या किनाऱ्यावर आला तो त्यानंतर. तात्पर्य, त्याने जिवंत म्हणून वर्णिलेली राणी त्या वेळी हयात नव्हती.

असे असूनही त्याच्या विधानाचा गाभा निराधार नाही. एका स्त्रीने तेथे दीर्घकाळ आणि समर्थपणे राज्य केले, हे खरे आहे. त्या बंदरात व्यापाऱ्याला सुरक्षितता होती, यालाही पुरावा आहे. गणपतिदेवाच्या शके ११६६ (इ. स. १२४४) च्या मोटुपल्ली शिलालेखात, वादळाने किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल पूर्वीचे राजे जप्त करीत, आपण मात्र ठरलेले शुल्क घेऊन बाकी माल सोडून देऊ, असे अभय परदेशी व्यापाऱ्यांना दिले आहे. नाते, वय आणि वर्तमान सत्ताधीश यांबाबत पोलो चुकतो. बंदरातील व्यवहाराचे स्वरूप सांगताना तो पुष्कळ अंशी बरोबर ठरतो. ठाण्याची साक्ष याच मापाने मोजली पाहिजे.

घोडे, चाचे आणि बंदराचा हक्क

अश्वव्यापाराविषयीची पोलोची माहिती स्वतंत्र साधनांनी पुष्ट होते. होर्मुझ, कैस, धोफार, शिहर आणि एडन येथून दरवर्षी हजारो घोडे दक्षिण भारतात जात, हवामान व अयोग्य खाद्य यांमुळे ते लवकर मरत आणि त्यामुळे मागणी कायम राही, असे तो मअबर प्रदेशाच्या वर्णनात सांगतो. जवळपास त्याच काळातील इराणी इतिहासकार वस्साफ यानेही या व्यापाराचे मोठे आकडे दिले आहेत. घोडा ही दख्खनच्या राजसत्तांची सामरिक गरज होती आणि ती गरज समुद्रमार्गे भागविली जात होती. ठाण्याच्या सत्ताधीशाने लुटीतील इतर काही न मागता घोडेच मागावेत, हे या पार्श्वभूमीवर सुसंगत वाटते.

‘चाचे’ या शब्दाबाबत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. पोलो जहाजावरील व्यापाऱ्याच्या बाजूने बोलतो. एली येथील राजा आपल्या बंदरासाठी न निघालेले जहाज तेथे आल्यास ते जप्त करतो, अशी तक्रार त्याने केली आहे. सुमारे अर्धशतकानंतर इब्न बतूता याने फाकनूर, म्हणजे आजचे बारकूर, येथील रीत नोंदविली आहे. जवळून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाने तेथे थांबून राजाला नजराणा द्यावा लागे. न थांबल्यास पाठलाग होई. याला तो ‘बंदराचा हक्क’ म्हणतो. एकाच कृतीला व्यापारी लूट म्हणतो आणि बंदराचा स्वामी हक्क म्हणतो. अठराव्या शतकात दस्तकाशिवाय जाणारी जहाजे पकडणाऱ्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी चाचा म्हटले, हे मराठी अभ्यासकांना परिचित आहे. दोन्ही काळांची परिस्थिती भिन्न आहे आणि ठाण्याच्या कराराला तशीच वैधता होती असे सिद्ध करता येत नाही. पण पोलोचा शब्द हा वादातील एका पक्षाचा शब्द आहे, एवढे ध्यानात ठेवावयास हवे.

अध्यापनाच्या दृष्टीने येथे एक गंभीर मुद्दा उपस्थित होतो. पोलोची माहिती शिलाहारकालीन असेल, तर चाच्यांशी केलेला करार रामचंद्रदेवाच्या राजवटीच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. ती समकालीन असेल, तर देवगिरीचा अधिकारी बंदरावर स्वतंत्र राजासारखा वागत होता, असा अर्थ निघतो. त्यावरून यादवांच्या कोकणावरील नियंत्रणाची मर्यादा दिसून येते. दोन्ही अर्थ महत्त्वाचे आहेत. त्यांपैकी एक गृहीत धरून दुसरा गाळणे योग्य नाही.

देशाविषयीचे मौन

पोलोच्या ग्रंथात देवगिरी, पैठण वा पंढरपूर येत नाही. समुद्रकिनाऱ्यावरून सह्याद्रीपलीकडचा देश त्याला दिसला नाही. तो कुब्लाईखानाकडे जात होता आणि पुढे त्याच्या सेवेत रुजू झाला, त्याच १२७३ ते १२७७ या वर्षांत पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ कोरला जात होता. अकलूजपासून जवळच असलेल्या या क्षेत्रातील लेखात मंदिराला देणग्या देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत रामचंद्रदेव आणि हेमाडपंडित यांचेही उल्लेख येतात. १२९० मध्ये, ठाण्याच्या दुसऱ्या ताम्रपटाच्याच वर्षी, ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण झाली. ठाण्याच्या लोकांची भाषा स्वतंत्र आहे, एवढेच पोलोने नोंदविले. ती भाषा त्या वेळी शिलेवर आणि ग्रंथात स्वतःचे रूप सिद्ध करीत होती, हे कळण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते.

नीरा-भीमेच्या खोऱ्याचा हा प्रदेश बंदरांपासून तुटलेला नव्हता. घाटवाटांनी कोकणचा माल देशावर येई आणि देशावरील कापूस व कातडे बंदराकडे जाई. पोलोने ठाण्याच्या धक्क्यावरील ज्या निर्यातीचे वर्णन केले, तिच्यामागे देशावरील शेतकरी, कोष्टी आणि चर्मकार यांचे श्रम होते. त्यांची नोंद प्रवासवर्णनात मिळणार नाही. ती दानलेख, वीरगळ आणि स्थानिक अवशेष यांतच शोधावी लागेल.

पोलो व्हेनिसला परतल्यानंतर लगेच, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. वेगवान घोडदळाच्या बळावर झालेल्या या स्वारीने रामचंद्रदेवाला खंडणी द्यावी लागली. १३२१ च्या सुमारास फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक ठाण्यास आले तेव्हा तेथे दिल्लीच्या सत्तेचा अधिकारी होता. दक्षिणेत घोडे पैदा होत नाहीत आणि ते समुद्रातून आणावे लागतात, हे पोलोचे व्यापारी निरीक्षण अशा रीतीने यादवसत्तेच्या अखेरच्या पर्वातील एका दुर्बलतेकडेही बोट दाखविते.

वारसा

पोलोचा वारसा दोन मार्गांनी चालत आला. ग्रंथाचा वारसा विस्तृत आहे. १३७५ च्या कातालान नकाशात त्याने दिलेल्या माहितीचा उपयोग झाला. कोलंबसाने टिपणे केलेली त्याच्या ग्रंथाची लॅटिन छापील प्रत सेव्हिल येथे जतन केलेली आहे. १५५९ मध्ये रामुझिओची इटालियन आवृत्ती आणि १८७१ मध्ये हेन्री यूल यांचे सटीप इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. भारतीय विद्यापीठांत पोलो पोचला तो मुख्यतः यूल यांच्या द्वारे. दुसरा वारसा व्हेनिसच्या दप्तरांत मुलींच्या, चुलत्यांच्या आणि मुक्त गुलामाच्या कागदांतून टिकून राहिला. पहिल्या वारशाने पोलोला कीर्ती दिली आणि शंकाही निर्माण केल्या. दुसऱ्याने त्या शंकांपैकी काहींचे निरसन केले.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील गोष्टी सांगता येतात. ठाण्याच्या व्यापारी मालाविषयी आणि अश्वव्यापाराविषयी पोलोची साक्ष मोलाची आहे. ती माल पारखणाऱ्या व्यापाऱ्याची आहे आणि अन्य साधनांशी जुळते. ठाण्याचे स्वतंत्र राज्य हे त्याचे विधान सूत्रबद्ध असून १२७२ व १२९० च्या ताम्रपटांशी विसंगत आहे, म्हणून ते राजकीय इतिहासाचा आधार होऊ शकत नाही. चाच्यांच्या कराराविषयीचे कथन शक्य कोटीतील असले तरी त्याचा काळ आणि त्याचा अर्थ हे दोन्ही खुले ठेवले पाहिजेत.

पोलोचा उतारा विद्यार्थ्यांसमोर ठेवताना त्याच्या शेजारी ठाण्याचा ताम्रपट आणि मोटुपल्लीचा शिलालेख ठेवला, तर साधनचिकित्सा म्हणजे काय हे वेगळे शिकविण्याची आवश्यकता उरणार नाही. व्हेनिसच्या अभ्यासकांनी आपल्या दप्तरांतील एकेक मृत्युपत्र वाचून पोलोचे चरित्र आजही दुरुस्त करीत आणले आहे. महाराष्ट्रातील गावोगावच्या मंदिरांत, वेशींवर आणि नदीकाठी असलेले यादवकालीन लेख व वीरगळ तितक्याच आस्थेने वाचले गेले, तर ठाण्याविषयी परकीय प्रवाशाने काय म्हटले यावर अवलंबून राहण्याची गरज कमी होईल. हे काम प्रथम स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास विभागांच्या आवाक्यातले आहे.